विजूमावशीचा क्वार्टरबॅक

विजूमावशीचा मला हेवा वाटायचा. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहायला बसलं की लोक एकदम सात्त्विक होतात आणि मग त्या लिहिण्यात काही राम राहत नाही. मावशीला जाऊन आता दीड वर्ष होईल. हेवा अजून पुरता गेलेला नाही.

विजया भुसारी. मूळची नागपूरची. नवऱ्याचं बोट धरून पेनसिल्व्हेनियातल्या या विद्यापीठाच्या गावात, स्टेट कॉलेजला आली आणि चाळीस वर्षं इथेच राहिली. भुसारीकाका मातीचे अभ्यासक. आयुष्यभर मातीचे नमुने तपासले, निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. मुलगा टेक्ससात. मावशीने स्वतः सव्वीस वर्षं विद्यापीठाच्या मेसमध्ये सकाळच्या पाळीला ऑम्लेटच्या काउंटरवर काम केलं. बाईने जन्मात अंड्याला तोंड लावलं नव्हतं, पण एका वेळी चार तव्यांवर चार ऑम्लेटं उलटायची. वास सहन कसा व्हायचा, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तव्यात काऊन पाहायचं? तव्याच्या पलीकडं पाहायचं. पलीकडं पोरं उभी राहतात."

त्या पलीकडच्या पोरांत फुटबॉलची टीम असायची. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हाताने खेळायचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. आमच्या गावात या खेळाला धर्म म्हणायची सोय नाही, कारण धर्म बदलता येतो. मावशी या खेळात शिरली ती ताटांवरून. सहा साडेसहा फुटी पोरं रांगेत ताट घेऊन उभी असायची आणि मावशी त्यांना पारखायची. कोण दुसऱ्याला पुढे जाऊ देतो, कोण पुढच्याच्या ताटात डोकावतो, कोण उष्टं ताट टेबलावर टाकून जातो. या सगळ्यातून तिने एक सिद्धांत काढला होता आणि तो क्वार्टरबॅकबद्दल होता.

क्वार्टरबॅक हा टीमचा मेंदू. प्रत्येक डावाला बॉल आधी त्याच्या हातात येतो आणि समोरून पाच राक्षस अंगावर येत असताना, दोन-तीन सेकंदांत, त्याने तो कुणाला द्यायचा हे ठरवायचं असतं. टीममध्ये असे तीन-चार जण असतात, पण मैदानात उतरतो एकच. पुढच्या हंगामात तो एक कोण, यावर आमचं गाव जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत भांडतं.

"क्वार्टरबॅक म्हणजे काय?" मावशी विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची. "बॉल देणारा. ज्याला आपलंच ताट आधी भरायचं असते, त्याच्या हातून बॉल सुटत नाही बाप्पा. मी पाहिलं आहे."

तिचा अंदाज चुकला की ती म्हणायची, "मी नव्हते चुकले. तो पोरगा चुकला."

मावशीबरोबर मुख्य रस्त्यावरून चालणं म्हणजे मला शिक्षा होती. सलवार-कमीझवर विद्यापीठाचा निळा स्वेटशर्ट, पायात पांढरे बूट, आणि दर दहा पावलांवर कुणीतरी टक्कल पडलेला, पोट सुटलेला अजस्र माणूस "मिस व्ही!" म्हणून धावत यायचा आणि तिला मिठीत घ्यायचा. मिठीत ती दिसेनाशी व्हायची. बाहेर आली की त्याला विचारायची, "स्टिल नो ओनियन?" वीस वर्षांपूर्वी कुणाच्या ऑम्लेटमध्ये कांदा नको होता, हे तिच्या लक्षात असायचं. मी शेजारी पिशवी धरून उभी. मलाही या गावात वीस वर्षं झाली. विद्यापीठातच हवामानाच्या डेटावर काम करते, कर भरते, बर्फ उपसते. ऑफिसात मला अजून "शूबा" म्हणतात. माझं नाव शुभदा आहे, हे सांगायचं मी कधीच सोडून दिलं.

गुरुवारी दुपारी स्थानिक रेडिओवर फुटबॉलचा कार्यक्रम असायचा आणि मावशी त्यात फोन करायची. निवेदक तिची वाट बघायचा. "दॅट बॉय, ही इज नॉट लुकिंग लेफ्ट, नो? व्हॉट इज ही हॅविंग अगेन्स्ट लेफ्ट?" असं ती अस्सल नागपुरी इंग्रजीत विचारायची आणि पुढचे दोन फोन तिच्याच मुद्द्यावर यायचे. मी पुण्याची. उच्चारांबद्दल माझी काही मतं आहेत. पण मी गाडीत हा कार्यक्रम ऐकायचे आणि माझ्या मनात यायचं की आपण एवढं स्वच्छ इंग्रजी बोलतो, आणि आपल्याला कधी कुणी विचारलंय?

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. गाव घे, रेडिओ घे, टकले पैलवान घे. पण तिने रेवाला घेतलं.

म्हणजे, दिलं मीच. रेवा, माझी एकुलती एक, तेरा वर्षांची असताना मी तिला दर रविवारी सकाळी मावशीकडे पाठवायला लागले. मराठी शिकायला. रेवाने पहिल्याच दिवशी तिला "आजी" म्हटलं, तर मावशी म्हणाली, "आजी म्हणायचं नाही. मावशी." तेव्हापासून ती आम्हा दोघींची मावशी. मराठी व्याकरणाचं पुस्तक मी पुण्याहून मागवलं होतं, ते तिथे गरम कढई ठेवायला वापरलं गेलं. शिकवणीचा विषय एकच: पुढच्या वर्षी पहिला कोण.

मावशीच्या घरचा एक नियम होता. तर्रीपोहे आणि पहिला चहा होईपर्यंत आपापल्या क्वार्टरबॅकची बाजू घेऊन कडकडून भांडायचं. दुसरा चहा आला की बाजू बदलायच्या. आता तू माझ्या पोराची वकील, मी तुझ्या. तिने नागपूरच्या कॉलेजात वादविवादाचा करंडक असाच मिळवला होता. एका वर्षी ठरावाच्या बाजूने, पुढच्या वर्षी त्याच ठरावाच्या विरुद्ध. "दुसऱ्याची बाजू आपल्यापेक्षा चांगली मांडता आली नं, की मग आपली खरी समजते," म्हणायची.

रेवा दुपारी घरी यायची ती गाल लाल करून, तर्रीचा वास घेऊन. मी विचारायचे, "काय शिकवलं आज?" ती म्हणायची, "नथिंग. वी जस्ट टॉक्ड." आणि खोलीत. शाळा कशी आहे? फाइन. मैत्रीण का येत नाही हल्ली? इट्स फाइन, मॉम. त्याच मुलीला एकदा मी मावशीच्या दारात थांबून ऐकलं. आतून माझ्या मुलीचा आवाज येत होता, घडघडीत मराठीत: "अगं मावशी, त्याला वेळच नाही देऊन राहिले कोच, तर तो शिकणार काऊन?" 'काऊन' म्हणजे नागपुरी 'का'; ते चुकलं होतं, तिथे 'कसा' हवं होतं. पण एवढं लांब मराठी वाक्य ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी बेल न वाजवता पाच मिनिटं बाहेर उभी राहिले. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग.

मग मी ठरवलं की आपणही फुटबॉल शिकू. रेवा बारावीत होती त्या वर्षी भांडण दोघांवर आलं होतं. मावशीने त्यांना नावं दिली होती, थोरला आणि धाकटा. थोरला शेवटच्या वर्षाचा, शांत, भरवशाचा, मोठ्या सामन्यात मात्र हरणारा. धाकटा एकोणीस वर्षांचा, हाताची ताकद अफाट आणि डोक्यात वारं. मावशी थोरल्याची, रेवा धाकट्याची. मी दोन आठवडे खपून एक एक्सेल शीट केलं. दोघांची प्रत्येक फेक, त्या दिवशीचा वारा, तापमान, पाऊस. हवामान माझा विषय, त्यामुळे या प्रश्नाला एक उत्तर आहे आणि ते मी काढलंय याची मला खात्री होती. रविवारी लॅपटॉप घेऊन मी न सांगता मावशीकडे हजर झाले आणि पोह्यांच्या बशा सरकवून आलेख दाखवायला लागले. रेवाने एकदाच "मॉम, ओ माय गॉड" म्हटलं आणि खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघायला लागली.

मावशीने चष्मा लावून सगळे आलेख नीट पाहिले. "मेहनत खूप केली तू," ती म्हणाली. "पण शुभदा, उत्तर काढलं तर पुढच्या रविवारी आम्ही काय बोलायचं?"

ती हे अगदी प्रेमाने म्हणाली. प्रेमाने म्हणाली म्हणून जास्त लागलं.

त्या वर्षीचा पाडवा आमच्या मराठी मंडळींनी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये केला. मी श्रीखंड वाढत होते. मावशी ताट पुढे करून म्हणाली, "मग, पोरगी पावसात चालली म्हणायची!"

मला काही कळलं नाही. पण न कळल्याचं दाखवायचं नाही, एवढं शहाणपण माझ्यात होतं. "हो ना," मी हसून म्हणाले.

"वॉशिंग्टन काही जवळ नाही बाप्पा. पण कॉलेज छान आहे. आणि समुद्राचं विज्ञान आणखी कुठं शिकणार?"

रेवाला आमच्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. घरापासून बसने दहा मिनिटं. चार वर्षं तरी ती डोळ्यांसमोर राहील, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं. तिला पार पश्चिम टोकाच्या, सदा पावसाच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या बाजूलाही प्रवेश मिळालाय आणि तिला तिकडेच जायचंय, हे मावशीला तीन आठवडे माहीत होतं. माझ्या नवऱ्याला, अजयला, माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. मी श्रीखंडाचा डाव तसाच धरून उभी होते आणि मागचा माणूस ताट घेऊन थांबला होता.

त्यानंतर मी जे केलं ते इथे लिहिते. मी रेवाला सांगितलं, "मावशीला बरं नसतं हल्ली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. रविवारी नको जाऊस काही दिवस." आणि मावशीला फोन करून सांगितलं, "रेवाच्या परीक्षा आल्यात मावशी. रविवारी जमणार नाही तिला." दोन्ही वाक्यं इतकी सहज तोंडातून आली की माझं मलाच आश्चर्य वाटलं. तीन रविवार रेवा घरी होती. मी तर्रीपोहेसुद्धा केले. ती "थँक्स, मॉम" म्हणाली आणि बशी घेऊन खोलीत गेली.

चौथ्या रविवारी मावशीचा डबा परत करायच्या निमित्ताने मी तिच्याकडे गेले. खरं तर ती एकटी कशी दिसते, ते मला बघायचं होतं. टेबलावर पोह्यांच्या दोन बशा मांडलेल्या होत्या.

"बस," ती म्हणाली. "आज तू. थोरला का धाकटा?"

"मावशी, मला त्यातलं काय कळतंय?"

"त्या कॉम्प्युटरवर तर सगळं कळत होतं नं. बोल."

मी थोरला घेतला. आणि बोलायला लागले तर थांबेना. तो इथे चार वर्षं आहे, त्याला गाव माहीत आहे, सगळे त्याला ओळखतात. धाकट्याचं काय ठरलंय? आज उत्साह आहे, उद्या हातपाय मोडून घेईल. त्याला अजून काही कळत नाही. एक-दोन वर्षं थांबू दे, डोळ्यांसमोर राहू दे, घाई कसली आहे? मावशीने उठून दुसरा चहा ठेवला, गाळला, माझ्यासमोर आणून ठेवला आणि खुर्चीत टेकून बसली.

"आता धाकट्याकडून बोल."

"मला नाही जमणार."

"चहा गार होऊन राहिला."

मी कपाकडे बघत सुरू केलं. धाकट्याला हात आहे. असा हात रोज मिळत नाही. हल्ली या पोरांना एका कॉलेजातून दुसरीकडे सहज जाता येतं, बाकावर बसवून ठेवलं तर तो निघून जाईल. नाही गेला तरी बाकावर बसून कुढेल. तो चुकेल, पण त्याचा तो चुकेल. आणि आपण त्याला अडवलं होतं, हे तो... फुटबॉलवरून रडणारी मी त्या गावातली पहिली नव्हे, पण एप्रिलमध्ये रडणारी बहुतेक पहिलीच.

मावशीने कागदी रुमालाचा डबा सरकवला. "मला काऊन सांगून राहिली हे? घरी जा. तिला सांग."

मी दारापर्यंत आले आणि मला राहवलं नाही. "मावशी, रेवाच्या परीक्षा वगैरे काही..."

"माहीत आहे. तिचा फोन आला होता त्याच दिवशी. तब्येत कशी आहे विचारायला."

"मग?"

"मग काय? म्हटलं, हो, गुडघा जरा दुखून राहिला. डॉक्टर म्हणाला विश्रांती घे." तिने माझ्या हातात धुतलेला दुसरा डबा दिला. "आईला खोटं पाडून मला काय मिळणार होतं?"

आता इथे माझं मन विरघळलं, असं लिहायला मला आवडलं असतं. थोडं विरघळलंही. पण घरी येताना गाडीत जे वाटत होतं त्यात निम्मा हेवाच होता. खोटं मी बोलले आणि त्यातसुद्धा मोठी तीच ठरली.

त्या संध्याकाळी मी रेवाला म्हणाले, "तुला वॉशिंग्टनला जायचंय ना? जा." ती म्हणाली, "मावशी टोल्ड यू?" मी म्हणाले, "पाडव्याला. तुझी काही चूक नाही." ती येऊन मला बिलगली. माझ्या खोट्याबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मावशीचा गुडघा बरा झाला.

ऑगस्टमध्ये रेवा निघाली. आदल्या संध्याकाळी ती मावशीला भेटून आली होती. मावशीने मला फोन करून सांगितलं, "सकाळी मी नाही येत. सकाळ तुझी." विमानतळ आमच्याकडून वीस मिनिटांवर. अजय सामान घेऊन त्याच्या गाडीने पुढे गेला आणि माझ्या गाडीत आम्ही दोघीच. रेवा शेजारी, फोन हातात. मला वाटलं, आता वीस मिनिटं ती त्या फोनकडे बघणार आणि संपलं.

कोचने अजून नाव जाहीर केलं नव्हतं. रेवाने फोन खाली ठेवला, सीटवर वळून माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "आई, तुला काय वाटून राहिलं? थोरला का धाकटा?"

मी काहीतरी बोलले. ती लगेच तुटून पडली, दोन्ही हात हलवत, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, मला वेड्यात काढत. माझ्याशी. इतकी वर्षं जे मी बंद दारामागून ऐकलं होतं, ते माझ्याच गाडीत, माझ्याकडे तोंड करून चाललं होतं. बोलता बोलता मावशीची गल्ली आली. कोपऱ्यावर थांबायची पाटी आहे, तिथे मी थांबले.

मावशी फुटपाथवर उभी होती. निळा स्वेटशर्ट, पांढरे बूट, गाडीपासून दहा पावलांवर. रेवाची पाठ तिच्याकडे होती. मावशीने हाक मारायला हात वर केला, तोंड उघडलं, आणि तिला रेवाचे हलणारे हात दिसले असावेत. तिने हात खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग ती एक पाऊल मागे सरून मेपलच्या झाडाआड झाली आणि मला हातानेच, जा, जा, अशी खूण केली.

"ती बघ मावशी," एवढंच म्हणायचं होतं. रेवाचं वाक्य अर्ध्यात होतं. ते मला तोडवलं नाही. मी गाडी पुढे घेतली.

त्या हंगामात थोरला खेळला. मावशीने त्याचे सगळे सामने पाहिले नाहीत. नोव्हेंबरात, एका दुपारी, जेवून आडवी झाली ती उठली नाही. अंत्यविधीला ऑम्लेट खाल्लेली माणसं इतकी आली की गाड्या लावायला जागा उरली नाही. रेवाची परीक्षा होती, तिला येता आलं नाही. रात्रंदिवस फोन करत होती.

"त्या दिवशी निघताना ती दिसलीसुद्धा नाही, आई," ती रडत म्हणाली.

"हो ना," मी म्हणाले.